लेन्सची सावड

नांदेडात हातगाड्यांवर हरभऱ्याचे ढाळे दिसायला लागले की माझ्या पोटात दुखायला लागतं. खाऊन नव्हे, नुसते बघून. ढाळे आले म्हणजे मार्गशीर्ष सरत आला, मार्गशीर्ष सरत आला म्हणजे येळवस तोंडावर आली, आणि येळवस म्हटलं की मला माझी नणंद आठवते. बाई गुणाची आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या नांदेडच्या काही भागांत ती होते, पण खरी करावी लातूरकडच्यांनीच. त्या दिवशी तिकडची माणसं घरांना कुलपं लावून रानात जातात. ज्याचं रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जातो, आणि त्याला कोणी 'तुम्ही कोण' असं विचारत नाही. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी केलेली असते, तिच्यात पूजा मांडलेली. आत शिरलं की बाहेरच्या उन्हाचा पत्ता लागत नाही, नुसता कडब्याचा गोडसर वास. मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली आंबील. आंबिलीला लसणाचा आणि ताकाचा मिळून जो वास येतो, तो मला आता इथं, विष्णुपुरीच्या क्वार्टरच्या खिडकीत भाजी निवडत बसले असतानासुद्धा येतो. आणि त्या वासाबरोबर रेणापूरचं ते रान येतं. पोटरीतून निघालेली ज्वारी, बांधाकडेची करडई, साडीला धरून बसणारे तिचे काटे. आणि मधोमध गळ्यात माझा कॅमेरा घालून उभी असलेली माझी नणंद, शोभाताई.

कॅमेरा माझा, हे नीट लक्षात ठेवा. उमरीला माझ्या भावाचा फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आले, लोकांनी स्टुडिओची पायरी चढणं सोडलं, तेव्हा त्यानं दुकान बंद केलं आणि कॅमेरा मला दिला. "तुला पाखरांचं येड आहे, घे," म्हणाला. येड होतं, खरंच होतं. पण त्याच्यासोबतची लेन्स लग्नातली. नवरीच्या नाकातली नथ तिच्यात सुंदर यायची, नदीपल्याडचा बगळा मात्र पांढऱ्या ठिपक्यासारखा. वर्षभर मी ठिपके काढले.

शोभाताई म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, दिली लातूरकडं रेणापूरला. घरची शेती, दाजी स्वतः औत धरणारे. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घेतला आणि जुनी झूम लेन्स आईला देऊन टाकली. म्हणाला, पुढं कधीतरी कॅमेरा पण घेऊन देतो. कॅमेऱ्याशिवाय लेन्स! ती बिचारी लेन्स देवघराच्या कपाटात कापसाच्या वातींशेजारी पडून होती. मी दिवाळीला गेले आणि सहज माझ्या कॅमेऱ्याला लावून बघितली. टक् करून बसली. काय लेन्स होती! आखडली की अंगण, गोठा, गोठ्यामागचं रान सगळं मावायचं, आणि लांब केली की पार ओढ्याकाठच्या बाभळीवरचा कोतवाल पक्षी हाताला लागेल असा समोर यायचा. वेगवेगळ्या लेन्सा बदलत बसायचं काम नाही. मी डोळा लावला तो काढायलाच तयार नव्हते.

"असं करू वैनी," शोभाताई म्हणाल्या, "सावड करू."

सावड आमच्याकडं बैलांची असते. तुझा एक बैल, माझा एक बैल, दोघांची मिळून जोडी. चार रोज तुझ्या रानात, चार रोज माझ्या. कॅमेरा-लेन्सची सावड केलेल्या सबंध मराठवाड्यात आम्ही दोघीच असू. दाजी हसले, हे हसले. पण ठरलं. अमावस्येपासून अमावस्येपर्यंत एकीची बारी, मग दुसरीची. शेतकऱ्याच्या घरात कॅलेंडरपेक्षा अमावस्या जास्त लक्षात राहते, म्हणून अमावस्या.

आता यात एक मेख होती, ती आम्हाला दोघींनाही तेव्हा कळली नाही. अमावस्येला बारी बदलायची, हे बरोबर. पण खुद्द अमावस्या कोणाची? एरवी काही बिघडत नव्हतं. लातूरला जाणारं-येणारं कोणी ना कोणी असायचं, कॅमेऱ्याचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात जायचा. पण येळवस ही अमावस्याच असते. आणि येळवशीच्या सुमाराला, कणसं भरायला लागली की, रेणापूरच्या रानात भोरड्या उतरतात.

भोरड्या ज्यांनी बघितल्या नाहीत त्यांना काय सांगू. साळुंकीएवढं पाखरू, डोकं-पंख काळे, मधलं अंग फिकट गुलाबी. एकटं कधी येत नाही. थवा येतो तो सावली पाडत येतो, ज्वारीवर बसला की कणीस दिसत नाही, आणि उठला की आभाळ एका अंगाला कललं असं वाटतं. शेतकरी त्यांच्या नावानं बोटं मोडतो. मी मात्र त्यांच्यासाठी झुरत होते.

पहिल्या वर्षीची येळवस शोभाताईंच्या बारीत गेली. "दिवस मावळंपर्यंत माझी, मग तुमची," असं त्या हसत म्हणाल्या, आणि मी पाहुणी, काय बोलणार? मी आंबील पीत बसले आणि त्यांनी ज्वारीत शिरून फोटो काढले. संध्याकाळी कॅमेरा माझ्या हातात आला तेव्हा रान रिकामं, उजेड गेलेला. घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं. हाही सावडीतलाच एक भाग होता बरं का: त्यांच्याकडं लॅपटॉप नाही, म्हणून त्यांचे फोटो उतरवून घ्यायचे मीच. दर दोन अमावस्यांनी मी माझ्या हातानं, माझ्या घरात, त्यांचे फोटो एकेक करून मोठे होताना बघायचे. अशी शिक्षा कोणी वैऱ्यालाही देऊ नये.

त्या रात्रीच्या फोटोंत एक भोरडी होती. कणसावर एकटी, तुरा उभा केलेला, चोचीत दुधाळ दाणा, आणि डोळ्यात ऊन. पाखराच्या गळ्याजवळचं एकेक पीस मोजून घ्यावं. मी लॅपटॉप मिटणार तेवढ्यात हे मागून आले.

"शोभानं काढला? बापरे."

पुढच्या आठवड्यात तो फोटो मोठा करून, चौकट घालून माझ्या हॉलच्या भिंतीवर लागला. दिवाणाच्या बरोबर वर. येणारा प्रत्येक माणूस चहाचा कप हातात घेतला की वर बघायचा आणि विचारायचा. आणि हे छाती फुगवून सांगायचे, "आमच्या शोभाचा." मी स्वयंपाकघरात साखरेचा डबा जरा जोरात बंद करायचे.

एकदा न राहवून म्हटलं, "कॅमेरा माझा आहे, एवढं तरी सांगत जा."

"मग तू पण काढ की असा," हे म्हणाले. "भिंत काय, अजून रिकामी आहे." आणि वर पुन्हा, "पोटात दुखतंय का? ओवा देऊ?"

ओव्यानं जाणारं दुखणं नव्हतं ते. मला त्या भिंतीवर माझा फोटो हवा होता. दुसरं काही नको होतं, साडी नको, दागिना नको. आपल्या घरात आपल्या नवऱ्यानं आपला फोटो पाहुण्यांना दाखवावा, एवढंच.

माझ्या बारीत मी काय कमी धडपड केली? विष्णुपुरीच्या जलाशयाच्या काठाला मी राहते, गोदावरी माझ्या घराच्या मागं आहे. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुकं असतं, मासे धरणारे थर्माकोलवर बसून जाळी लावत असतात, पलीकडच्या वाळूवर चक्रवाकांच्या जोड्या उतरलेल्या. भगव्या रंगाचे, बदकाएवढे, एकमेकांना हाका मारणारे. हे मला स्कूटरवरून काठापर्यंत सोडायचे आणि टपरीवर पेपर वाचत बसायचे. मी ओल्या गवतात बसून लेन्स पार टोकापर्यंत लांब करायचे, श्वास धरायचे, आणि बटण दाबेपर्यंत पाखरं उडालेली असायची. माझे त्या हिवाळ्यातले सगळे फोटो मागून आहेत. शेपट्या, पाय, पाठमोरे पंख. माझ्या फोटोत पाखरं कायम निघालेली आणि शोभाताईंच्या फोटोत नुकतीच येऊन बसलेली.

इतकी गोदावरी माझ्या वाट्याला, आणि फोटो मात्र त्या बाईच्या वाट्याला! त्यांना सरावासाठी वेगळा वेळ सुद्धा लागत नव्हता. खुरपायला जाताना कॅमेरा बांधावर ठेवायच्या, दोन सऱ्या झाल्या की उठून एक फोटो. चास, सुगरण, हरणाचा कळप, एकदा तर चिंचेच्या ढोलीतला पिंगळा, सरळ लेन्सकडं बघणारा. कुणी तरी त्याला 'हसा' म्हटलं असावं, असा.

आणि वर त्या माझं कौतुक करायच्या. हे मला सगळ्यात जास्त लागायचं. मी फोनवर माझे फोटो पाठवले की त्यांचा लगेच फोन. "लई भारी आलाय वैनी! पाणी कसं चकाकून राहिलं बघा!" पाखराबद्दल बोलण्यासारखं काही नसायचं, म्हणून पाण्याबद्दल बोलायच्या. खोटं नाही, मनापासून. धुक्याचं कौतुक, वाळूचं कौतुक, एकदा एका आडव्या आलेल्या फांदीचंही कौतुक. त्यांना माझा हेवा वाटायचा नाही. कधी म्हणजे कधीच नाही. मी इकडं जळून कोळसा व्हायचे आणि तिकडं बाईच्या पोटात गार आंबील. मला वाटायचं, एकदा, एकदाच हिनं माझा फोटो बघून गप्प बसावं.

दुसऱ्या वर्षी मी पंचांग काढलं. अमावस्या आदल्या दिवशीच लागत होती. मी फोन करून स्पष्ट सांगितलं, "शोभाताई, अमावस्या लागली की बारी बदलते. औंदा येळवस माझी."

"हाव वैनी," त्या म्हणाल्या, "तुमचीच की. या, सकाळीच या."

भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं नुकती वर येत होती. ज्वारीच्या पानांवर दव होतं आणि पायवाटेनं जाताना साडी गुडघ्यापर्यंत ओली झाली. शोभाताईंनी कोपीतून स्टीलचा डबा आणून माझ्या हातात दिला. जुन्या सुती लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला कॅमेरा, त्याला लावलेली लेन्स. ही लेन्स खाली तोंड करून धरली की आपल्याच वजनानं लांब होत जाते, गळ्यात अडकवली की लोंबते. म्हणून तिच्या बाजूला एक बारीक बटण आहे, ते सरकवलं की ती आखडलेलीच राहते. शोभाताई डब्यात ठेवताना ते बटण नेमानं लावायच्या. मी कधीच लावायचे नाही, त्यामुळं ते काढायची सवयही मला नव्हती.

पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. बाया पंगतीची तयारी करू लागल्या. मी कोपीपासून जरा लांब, बांधाआड दबा धरून बसले. दाजी मचाणाजवळ गोफण खांद्यावर टाकून उभे, सवयीनं.

भोरड्या आल्या तेव्हा आधी आवाज आला. तव्यावर काहीतरी तडतडावं तसा, पण लांबून, मग जवळून, मग डोक्यावरून. थवा फिरला, पुन्हा फिरला आणि समोरच्या ज्वारीवर बसला. दाजींचा हात गोफणीकडं गेला. शोभाताईंनी पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या अवो. वैनीला फोटो काढायचाय."

"अगं, कणसं भरून राहिलीत."

"खाऊ द्या. आज सण हाय."

आणि दाजी थांबले. समोर त्यांची ज्वारी भोरड्या खात होत्या आणि दोघं नवरा-बायको माझ्यासाठी उभे राहून बघत होते. मला काय वाटलं असेल? उपकार वाटले का? थोडे. पण जास्त करून वाटलं, हे पण हिलाच जमतं. मी कोणाला माझ्या हॉलमधला सोफा फाडायला दिला असता का, असा विचार मी करत होते, आणि त्याच वेळी लेन्सची कडी फिरवत होते. कडी फिरेना.

जोर लावला. फिरेना. लेन्स बिघडली की काय! घाम फुटला. बोटं ओली, चष्मा धुरकट. बटणाचं तर डोक्यातच आलं नाही. तेवढ्यात शेजारच्या बांधावरून कोणीतरी गोफण मारली, ढेकूळ ज्वारीत पडलं, आणि सगळा थवा एकदम उठला. गेलं! वर्षभर वाट बघितली ती गेली. मी रागानं, नुसत्या रागानं, उठून कॅमेरा आहे तसा वर केला आणि दाबला.

मग खाली बसले आणि पडद्यावर बघितलं.

अख्खं रान आलं होतं. एका बाजूला कोप, तिच्यासमोर पंगत मांडता मांडता थबकलेल्या बाया, कोणाच्या हातात उंडा, कोणाच्या हातात भज्जीचं पातेलं. दाजी, खांद्यावर गोफण. त्यांचं मनगट धरलेल्या शोभाताई. वर थवा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळताना वाकलेला, आणि त्याची सावली खाली ज्वारीवर, पंगतीवर, माणसांवर. आणि सगळी माणसं वर बघतायत. एकाचंही तोंड कॅमेऱ्याकडं नाही. पाखराचं पीस एकही दिसत नव्हतं, आणि तरी इतक्या भोरड्या मी कुठल्याच फोटोत बघितल्या नव्हत्या.

कॅमेरा हातोहात फिरला. ह्यांनी बराच वेळ बघितला. मग सगळ्यांसमोर, बहिणीसमोर, काही पुढचा-मागचा विचार न करता म्हणाले, "हा लावायचा भिंतीवर. शोभाचा उतरवू, हा लावू."

कॅमेरा शोभाताईंकडं गेला. त्यांनी पदराला हात पुसले. पडद्यावर बोट ठेवून फोटो मोठा केला, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेला, पुन्हा लहान केला. मी वाट बघत होते. 'लई भारी वैनी' येईल, थव्याचं कौतुक येईल, उजेडाचं येईल. त्यांनी कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला.

"भज्जी गार होऊन राहिली," त्या म्हणाल्या. "बसा जेवायला."

पंगतीत त्यांनी सगळ्यांना आग्रह केला. दाजींना, ह्यांना, शेजारच्या बांधावरच्या त्या गोफणवाल्यालासुद्धा. माझ्या पानापाशी आल्या आणि पुढं गेल्या. खीर संपली माझी, कोणी विचारलं नाही. मी रिकामी वाटी घेऊन बसले होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. दुपारभर मी ज्वारीच्या कडेनं एकटीच हिंडले. वारा पानांतून जात होता, करडईचे काटे लागत होते, लागू दिले.

आता माझ्या हॉलमध्ये दोन फोटो आहेत. ह्यांनी शोभाताईंचा उतरवायला घेतला तेव्हा मीच म्हटलं, राहू द्या. पाहुण्यांना वाटतं माझं मन किती मोठं. मन कसलं मोठं? शेजारी शेजारी असल्याशिवाय फरक कसा कळणार? आणि हेही सांगून टाकते की अधूनमधून, दुपारी घरात कोणी नसताना, मी त्या भोरडीच्या डोळ्यातल्या उन्हाकडं बघत उभी राहते आणि माझ्या पोटात पुन्हा कळ येते. ते काही गेलेलं नाही. औंदा तर येळवस कोणाची यावरून आमचं दोघींचं फोनवर चांगलंच वाजलं. शोभाताई पंचांग घेऊन बसल्या होत्या. पूर्वी त्या भांडत नसत.

पण ढाळ्यांच्या दिवसांत मला आठवते ती त्या येळवशीची संध्याकाळ. आम्ही निघालो होतो. हे गाडी वळवत होते. शोभाताई भज्जीचा डबा द्यायला बांधापर्यंत आल्या. डबा हातात दिला, पण हात सोडेनात.

"वैनी, मी रोज त्याच जागी उभी असते," त्या हळूच म्हणाल्या. "मला का न्हाई दिसलं कधी?"

त्या नेहमी लेन्स पार लांब करूनच बघायच्या, हे मला माहीत होतं. मीही तेच करत होते. लेन्स अडकली होती म्हणून तो फोटो आला, बटण तुम्हीच लावलं होतं, एवढं वाक्य माझ्या ओठापर्यंत आलं होतं. ते मी गिळलं.

"तुमचं रानच तसं आहे, शोभाताई," मी म्हटलं.

"रान माझं हाय म्हणून तर इचारून राहिले," त्या म्हणाल्या. "रान माझं. ज्वारी माझी. लेन्स माझी. फोटो तेवढा तुमचा."

माझ्याशी इतकं गोड आजवर कोणी बोललेलं नाही.